दिवाळीआधी अहवाल हवा

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचं उपकेंद्र. आज इथं गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी आहे. आवणी उरकली आहे, भातकापणीला अवकाश आहे. बाया घरी भेटतात त्या याच दिवसांत.

आत सिस्टर टेबल मांडतेय: निर्जंतुक केलेली स्पेक्युलम, हातमोजे, मऊ ब्रश, द्राव भरलेल्या कुप्या. खिडकीला पडदा नाही. आशाताई तिथं चादर बांधते, कडी बसत नाही त्या दाराशी एकीला उभी करते. यंत्रसामग्रीइतकीच ही चादर महत्त्वाची आहे. तिच्यावाचून इथली एकही बाई टेबलावर चढणार नाही.

ओट्यावर बसलेल्यांशी आशाताई वारलीत बोलतेय. पाळी चालू असेल तर आज नको. दोन दिवसांत आत औषध घातलंय का? नवऱ्याजवळ गेली होतीस का? हा शेवटचा प्रश्न ती प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते.

"मला काय होतच नाही, मग कशाला?" एक मावशी विचारते.

"होत नाही तेव्हाच बघायचं, मावशी. अंगावरून जायला लागल्यावर उशीर होतो," सिस्टर म्हणते.

तिचं खरं आहे. एचपीव्ही विषाणू गर्भाशयमुखात ठाण मांडून बसला, तरी कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. त्या काळात चाचणीत दोष सापडतो आणि उपचारही सोपे असतात. आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला, 2009 साली तो प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

सिस्टर स्पेक्युलम मावशीच्या हातात देते. "बघ, धार नाही, सुई नाही. लघवीला जाऊन आलीस ना?" मावशी आत जाते. मी चादरीच्या अलीकडेच थांबते. आतून आवाज येतो: "ढुंगण खाली टेकव. मोठा श्वास सोड. झालं, झालं." दोन-तीन मिनिटांत मावशी लुगडं सावरत बाहेर येते. ब्रश कुपीत घुसळून सिस्टर झाकण घट्ट लावते, चिठ्ठी चिकटवते. एकाच नावाच्या दोघी आल्यात, म्हणून नवऱ्याचं नाव आणि पाडाही लिहिते.

एक तरुण बाई टेबलावर झोपायला साफ नकार देते. तिला कोणी रागावत नाही. ब्रश कसा घालायचा, कसा फिरवायचा हे समजावून सिस्टर तिला एकटीला आत सोडते. असा स्वतः घेतलेला नमुनाही एचपीव्ही चाचणीला चालतो.

निघताना आशाताई प्रत्येकीला विचारते, "दिवाळीनंतर कुठं?" कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. पावसाळ्यापर्यंत त्या परतणार नाहीत. म्हणून आरोग्य खात्याला विनंती आहे: अहवाल दिवाळीआधी पाड्यावर पोचवा. जिच्या अहवालात दोष निघेल तिला पुढच्या तपासणीसाठी गाडी द्या, आणि सोबत तिच्या बोलीतली एक बाई द्या.