पाळण्यातली गोधडी

१९११च्या जानेवारीत पॅरिसमध्ये सोनिया दलोने या चित्रकर्तीला मुलगा झाला. शार्ल. त्याच्या पाळण्यासाठी तिने उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. सोनियाचा जन्म युक्रेनमधला, पुढे ती सेंट पीटर्सबर्गला मामाकडे वाढली. रशियातल्या शेतकऱ्यांच्या घरांत अशा ठिगळांच्या गोधड्या तिने पाहिल्या होत्या. तसंच काहीतरी आपल्या बाळाला पांघरायला हवं, एवढाच तिचा मनसुबा.

जेमतेम मीटरभर लांबीची ही गोधडी आज पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात आहे. तिच्यात हिरवे, काळे, दुधी, तपकिरी, लाल असे तुकडे आहेत. कुणी त्रिकोणी, कुणी आयताकृती. पण ना फूल, ना पक्षी. एका रंगाशेजारी दुसरा रंग, बस्स. आणि तरीही नजर त्यावर ठरत नाही, सारखी फिरत राहते.

या गोधडीआधीची सोनियाची चित्रं पाहिली की थक्क व्हायला होतं. रंग भडक, धीट. पण चेहरे, माणसं त्यांत आहेतच. १९०९ साली तिने एक भरतकाम केलं, त्यातही पानं होती. मग दोनच वर्षांत सगळे ओळखीचे आकार गळून कसे पडले? माझ्या मते उत्तर कापडात आहे. कुंचल्याने एक रंग दुसऱ्यात मिसळता येतो, छटा उतरवत नेल्या की गाल गोल दिसतो, पान वळतं. कापडाच्या तुकड्याला ही सोय नाही. तो काठापर्यंत एकाच रंगाचा असतो आणि काठाला संपतो. पुढे दुसराच रंग.

खरी गंमत त्या काठावरच घडते. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं काम पाहायचा. काळा धागा पुरेसा काळा उतरत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे तो काळा फिका भासत होता. १८३९ साली त्याने यावर भलामोठा ग्रंथ लिहिला. आपला डोळा रंग सुटा पाहतच नाही, शेजाऱ्यासकट पाहतो. एकाच राखाडी कागदाचे दोन कपटे घ्या, एक काळ्या कापडावर ठेवा, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. कपटे तेच आहेत हे ठाऊक असूनही डोळा ऐकत नाही! लाल आणि हिरवा शेजारी आले तर दोघेही आणखी पेटतात.

सोनियाचा नवरा रॉबेर, तोही चित्रकार, त्याने शेव्रल वाचलेला होता. गोधडी पुरी झाली तेव्हा दोघांना त्या तुकड्यांच्या मांडणीत वस्तू फोडून तुकड्या-तुकड्यांत मांडणाऱ्या क्युबिस्ट चित्रकारांची दृष्टी दिसली, आणि तीच रीत इतर वस्तूंत, चित्रांत आणायचा त्यांनी प्रयत्न सुरू केला, असं सोनियाने पुढे सांगितलं. त्याच सुमारास म्युनिकमध्ये चित्रकार कान्डिन्स्की रंगांना वस्तूंपासून सोडवण्याचा विचार ग्रंथात मांडत होता. तो मोठाच. पण इथे तीच वाट सुईदोऱ्याने उघडली, अंगाखालच्या-अंगावरच्या कापडात, आणि म्हणूनच कलेच्या इतिहासात या गोधडीला फार उशिरा जागा मिळाली याची मला खंत वाटते. बायकांचं शिवणटिपण म्हणून किती काय घड्या घालून ठेवलं गेलं असेल!

सोनिया मात्र थांबली नाही. १९१३ साली असेच रंगीत तुकडे जोडून तिने स्वतःसाठी झगा शिवला आणि तो घालून ती बाल ब्यूलिए या नाचघरात गेली. त्याच वर्षी ब्लेझ सांद्रार या कवीच्या सैबेरियाच्या रेल्वेप्रवासावरच्या कवितेला तिने रंगांची साथ दिली. त्या कवितेचं पुस्तक घडी उलगडत गेलं की दोन मीटर लांब होतं; एका बाजूने शब्द उतरतात, दुसऱ्या बाजूने रंग, आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी पाहावे लागतात.