आधी घर, मग नकाशा

2025 च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवड महापालिकेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला आणि काळेवाडीत जो-तो एकच विचारू लागला, "आपल्या गल्लीवर काही पडलंय का?" रस्ता किंवा आरक्षण. हरकती द्यायला मुदत मोजकीच. एका मंडळाच्या शेडमध्ये दोन टेबलं मांडून पोरं अर्ज भरून देत होती. मीही लिहायला बसलो.

पहिली अडचण, नकाशावर घर सापडायला हवं. इथली बरीच घरं गुंठेवारीतली. कारखान्यात लागलेल्या माणसाने शेतकऱ्याकडून अर्धा-एक गुंठा घेतला; पुरा गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. हातात साठेखत, कुलमुखत्यारपत्र नाहीतर नोटरी केलेला स्टॅम्प पेपर. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून सर्व्हे नंबरही पाठ नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीतून मिळकतकराची पावती, लाइटबिल, रेशनकार्ड असं एकेक बाहेर येतं आणि शेवटी तळाशी घडीवर फाटत आलेल्या कागदात तो नंबर सापडतो. नकाशाची फाइल मोबाइलवर उघडली की सगळे आधी पवनेचं वळण शोधतात. तिथून पाचपीर चौक, तापकीर चौक असं करत गल्लीपर्यंत पोचतात. नदीकाठच्यांचा डोळा पूररेषांवर. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई.

अर्जाचा पहिला मसुदा बहुतेकांचा सारखाच : आमच्यावर अन्याय झाला आहे. तेवढ्याने भागत नाही. नंबर कोणता, प्रस्ताव काय, घर कधीपासून आहे, पुरावा काय, पर्याय काय, हे लिहावं लागतं. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. शहरभरातून हजारो अर्ज गेल्यावर एकेकाच्या वाट्याला किती वेळ येणार, याचा अंदाज शेडमधल्या प्रत्येकाला होता.

एका मावशींचा अर्ज भरून झाला. सही करता करता त्यांनी विचारलं, "आणि अंगणवाडीचं कुठं लिहायचं? भाड्याच्या खोलीत भरते ती." मी अर्ज उलटसुलट पाहिला. हरकत कशाला, एवढंच तो विचारत होता. शेवटी पाठीमागे दोन ओळी लिहिल्या. मी पाहिलेल्या गठ्ठ्यात स्वतःच्या छपरापलीकडचं मागणारा तेवढाच एक कागद. बाकीच्यांना दोष कसा देणार? डोक्यावरचं छप्पर धोक्यात असताना अंगणवाडी कुणाला सुचेल?

इथून चाकणच्या बाजूला गेलं की खेड तालुक्यातल्या ग्रामपंचायती लागतात. तिथे 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमात गावाचा आराखडा गावानेच करायचा असतो. शिवारफेरी, महिला सभा, मग ग्रामसभेची मंजुरी. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्यात गावाने आपली गरज पाहायची होती. तिथेही सगळं आलबेल नाही. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी संख्या पुरते. तीही न भरल्याने सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अनेकदा यादी आधीच तयार असते. तरी अंगणवाडीचा विषय मांडायला तिथे हक्काची जागा आहे.

शहराला अशी जागा कायद्याने दिलेलीच नाही असं नाही. महाराष्ट्रात 2009 च्या कायदादुरुस्तीने महापालिकांसाठी क्षेत्रसभा, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांची सभा, आली. ती बोलवायची नगरसेवकाने. पण मार्च 2022 पासून इथे प्रशासक होता. आराखडा आला तेव्हा सभा बोलवायला नगरसेवकच नव्हता. त्याआधी नगरसेवक होते, तेव्हाही आमच्या गल्लीला कुणी असं बोलावणं धाडलं नव्हतं आणि आम्हीही मागितलं नव्हतं. नगरसेवक मत मागायला येतो तेव्हा ड्रेनेज आणि पाण्यासोबत क्षेत्रसभेची तारीखही विचारायला हवी. आराखड्याच्या रेघा ओढण्याआधी मावशींचा प्रश्न टेबलावर यायचा असेल, तर तो तिथूनच येईल.