भात शेवटी

पहाटे ४:३०
दुबईच्या करामातल्या आमच्या इमारतीत निम्म्या खिडक्या उजळलेल्या असतात. रमजान मार्चमध्ये आला की फज्रची अजान सव्वापाचच्या सुमारास होते. सहेरी त्याआधी उरकायची. मी रोजा ठेवत नाही, पण आहारतज्ज्ञ म्हणून या महिन्यात फोन याच वेळी वाजतो. "मॅडम, पराठा खाऊ की काय?" मी अंडी, मोड आलेली कडधान्यं, दही सुचवते. असं जेवण आतड्यातून सावकाश पुढे सरकतं. जितका वेळ ते अस्तराला लागून राहतं, तितका वेळ तिथल्या पेशी पोट भरल्याचा निरोप पाठवत राहतात.

सकाळी ९
बुर दुबईतला दवाखाना. नव्या रुग्णांचा पहिला प्रश्न ठरलेला: मधुमेह स्वादुपिंडाचा, मग आतड्याचं काय? मी त्यांना १९०२ सालचा लंडनचा प्रयोग सांगते. बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणारे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मज्जातंतू नव्हते, म्हणजे निरोप रक्तातून गेला होता.

असे निरोप देणाऱ्या पेशी अस्तरात शंभरात जेमतेम एक. त्यांचं एक टोक अन्नाकडे, दुसरं रक्तवाहिन्यांकडे. ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्या शिरण्यानेच पेशीचा विद्युतभार बदलतो. स्निग्धाम्लांना आणि अमिनो आम्लांना ओळखणारे ग्राहक वेगळे. पेशीत कॅल्शियम वाढलं की मागच्या बाजूने संप्रेरक सुटतं. वरच्या आतड्यात जीआयपी आणि सीसीके, शेवटाकडे मुख्यतः जीएलपी-१. यातली जीआयपी आणि जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्सुलिनसाठी चेतवतात, म्हणूनच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी स्रवतं आणि तेवढंच तोंडावाटे घेतलं तर कितीतरी जास्त. टाइप-२ मधुमेहात हा फरक बराच पुसला जातो.

१०:३०
दापोलीकडचे एक चाचा येतात. टॅक्सी चालवतात. "रोजा तर मी सोडणार नाही, मॅडम." मी त्यांना सोडा म्हणतही नाही. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर मात्र त्याच क्षणी रोजा सोडायचा, हे कबूल करून घेते. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची साखर उतरणं ही एकट्या त्याच्यापुरती गोष्ट नसते.

दुपारी १२
जीएलपी-१सारख्या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन घेणारे. आपल्या शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं नष्ट होतं. डीपीपी-४ नावाचं विकर ते तोडतं. न तुटणारा जोडीदार सापडला तो गिला मॉन्स्टर या अमेरिकी सरड्याच्या विषात. जॉन एंग यांनी तो १९९२मध्ये वेगळा केला आणि २००५मध्ये त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड अमेरिकेत बाजारात आलं. आजचं सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकतं. मला काळजी असते ती रमजानच्या तोंडावर मात्रा वाढवून घेणाऱ्यांची. उलट्या सुरू झाल्या आणि दिवसभर पाण्याचा घोट नाही, तर काय होईल? इंजेक्शन मित्राकडून मिळवणाऱ्यांना मी स्पष्ट शब्दांत थांबवते.

दुपारी ३
उपाशी आतडं स्वस्थ नसतं. साधारण दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून खाली जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. पोटात गुडगुडतं ते यामुळेही. जेवणाची वेळ जवळ आली की जठरातून घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढू लागतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९मध्ये शोधलं.

संध्याकाळी ६:३०
चाचा इफ्तारला मशिदीच्या तंबूत बसतात. समोर खजूर, ताकासारखं लबन, पाणी आणि बिर्याणीचा डबा. डबा तोच राहणार, म्हणून आम्ही फक्त क्रम ठरवला: एक खजूर, पाणी, मग मगरिबची नमाज. परतल्यावर आधी चिकनचे तुकडे आणि काकडी. भात शेवटी.

यामागे न्यूयॉर्कमधला २०१५चा एक अभ्यास आहे. माणसं फक्त ११, सगळी मेटफॉर्मिनवर. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ १५ मिनिटांनी, एवढ्या बदलाने तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आली. प्रथिनं आणि चरबी आधी पोचली की सीसीके, जीएलपी-१ सुटतात, जठर आपलं दार आवळून धरतं, आणि मागून आलेला भात थोडा थोडा खाली उतरतो. अभ्यास छोटा आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो, कारण ज्याला जेवण निवडता येत नाही त्यालाही क्रम निवडता येतो.

रात्री ९
चाचांचा मेसेज: १७२. काल याच वेळी २४० होती. एका आकड्यावर मी विसंबत नाही. आणखी तीन संध्याकाळचे आकडे मागते, मग ते डॉक्टरांना दाखवून गोळ्यांचं ठरेल. लगेच दुसरा मेसेज: "ईदला सांदण चालेल ना?"

"चालेल. मटण आधी, आणि सांदण एकच."

"दीड?"