नखाची बुरशी आणि तुरटीचे पाणी

पडेगावच्या एक काकू मागच्या महिन्यात पायाचा अंगठा दाखवायला आल्या. नख पिवळे, जाड, ठिसूळ. सहा महिने तुरटीच्या पाण्यात पाय बुडवत होत्या. मग कुणी मोरचूद लावायला सांगितले, त्याने कातडीच भाजली. तुरटीने घाम, ओल कमी होते खरी. पण बुरशी असते नखाखाली, तिथवर ती पोचत नाही. नखाचा तुकडा तपासायला पाठवला, साखरही पाहिली. वाढलेली निघाली! मधुमेहात अशी जखम चिघळली तर पाय गमावायची पाळी येते. आधी जखम भरू दिली. तपासणीत बुरशीच निघाली, तेव्हा यकृताची तपासणी करून टर्बिनाफिनच्या गोळ्या १२ आठवड्यांसाठी दिल्या. नवे नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते, हे ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला.