फोनच्या स्क्रीनवर संख्या संपली, म्हणजे ती खरंच संपली का?

कामठीला राहणारा माझा मावसभाऊ नववीत आहे. मागच्या महिन्यात त्यानं व्हॉट्सॲपवर विचारलं, "दादा, √२ परिमेय की अपरिमेय?" मी घाईत होतो. फोनवर कॅल्क्युलेटर उघडलं, १.४१४२१३५६ दिसलं. दशांश आठ अंकांत संपलेत, म्हणजे परिमेय! स्क्रीनशॉटसकट उत्तर पाठवून मोकळा झालो. पेपर मिळाल्यावर फोन आला, "तुह्यामुळं माझे दोन मार्क गेले ना!"

चूक माझीच. मी संख्या बघितलीच नव्हती, फक्त स्क्रीनची रुंदी बघितली होती.

आधी पटकन उजळणी करू. १, २, ३… या नैसर्गिक संख्या. त्यात शून्य टाकलं की पूर्ण संख्या. मॉलच्या लिफ्टमधल्या −१ सारख्या ऋण संख्याही घेतल्या की पूर्णांक. आणि जी संख्या दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येते (खाली शून्य नको), ती परिमेय. हे सगळे डब्यात डबा असे बसतात. म्हणजे ५ ही संख्या एकाच वेळी चारही डब्यांत आहे, "५ नैसर्गिक आहे, मग परिमेय कशी?" हा प्रश्नच येत नाही. अपरिमेयचा डबा मात्र पूर्ण वेगळा. परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या.

चिन्ह बघून फसू नका. √४ ला मूळचिन्ह आहे, पण ती साधी २ आहे. २२/७ मात्र परिमेयच. ती पायच्या जवळची किंमत आहे, पाय नव्हे.

मग √२ चं काय? त्यासाठी मी भावाला घेऊन कामठीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्याच्या नोट्स ए४ वरून ए३ वर मोठ्या करायच्या होत्याच. मशीनवर आकडा आला १४१%. हे √२ च आहे, टक्क्यांत आणि कापलेलं. ए४ कागद २९७ × २१० मिलिमीटर असतो. भागा: २९७/२१० म्हणजे ९९/७०, म्हणजे १.४१४२८५७१४२८५७… यात १४२८५७ हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कारण ही परिमेय संख्या आहे. √२ शी पहिले चार दशांश जुळतात, पाचव्याला गाडी घसरते.

किती जवळ आलो बघा. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. फक्त एकानं हुकलं! कुठला तरी दुसरा अपूर्णांक बरोबर बसेल की, असं वाटतं. नाही बसणार. कुठल्याही वर्गसंख्येचे मूळ अवयव पाडले तर त्यात २ सम वेळा येतो. वर्गाची दुप्पट केली की तो विषम वेळा येतो. सम आणि विषम कधी सारखे होणार? म्हणून √२ अपरिमेय. कॅल्क्युलेटर काहीही दाखवो.

आता फोनकडे. साधारण ॲप संख्येचे ठरावीक अंकच साठवतं, म्हणजे तिथे √२ च्या जागी एक परिमेय संख्याच बसलेली असते. पण गुगलचं ॲन्ड्रॉइड कॅल्क्युलेटर भारी आहे. २०१५ च्या ॲन्ड्रॉइड ६ पासून त्यात हान्स बोम या संगणकतज्ज्ञाची पद्धत वापरली आहे. ते अंक साठवण्याऐवजी ते कसे काढायचे याची कृती साठवतं, तुम्ही मागाल तेवढे काढून देतं. करून बघा: √२ काढा, = दाबा आणि उत्तरावर बोट ठेवून डावीकडे सरकवत राहा. नवे अंक येतच राहतात. मग १ ÷ ३ करून सरकवा, नुसते ३. मग १ ÷ ८. ०.१२५, सरकायला पुढे काही नाहीच. पण सरकवून बघणं म्हणजे सिद्धता नव्हे, हं. हजार अंकांनंतरही तुकडा परत येऊ शकतो. पेपरमध्ये कारण लिहावंच लागतं.

भावानं हे सगळं ऐकलं आणि माझी परीक्षा घेतली. "०.१०१००१०००१… दर वेळी एक शून्य जास्त. यात तर पॅटर्न आहे. मग परिमेय ना?"

यावेळी मी कॅल्क्युलेटर उघडलं नाही. पॅटर्न आहे, पण तोच तुकडा परत येत नाही, शून्यं वाढतच जातात. अपरिमेय.