एकास दीडशे!

९ जुलै २००१, सोमवार. पावसाने लांबवलेल्या विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत त्या वर्षी रविवारऐवजी सोमवारी खेळवावी लागली. क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचने ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिक राफ्टरवर ६-३, ३-६, ६-३, २-६, ९-७ अशी मात केली. जागतिक क्रमवारीत १२५व्या स्थानावर घसरलेल्या इव्हानिसेविचला आयोजकांनी केवळ जुन्या पुण्याईवर ‘वाइल्ड कार्ड’ देऊन प्रवेश दिला होता. विम्बल्डनच्या इतिहासात वाइल्ड कार्डवर पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळविणारा तो एकमेव खेळाडू. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ब्रिटनमधील बुकमेकरांनी त्याच्या विजयाला दिलेला भाव होता एकास दीडशे. दहा पौंड लावणाऱ्याच्या हाती दीड हजार पौंड आणि शिवाय स्वतःचे दहा परत आले.

ब्रिटनमध्ये खेळांवर पैज लावणे कायदेशीर आहे आणि बुकमेकरांची दुकाने तेथे रस्तोरस्ती आढळतात. त्या दुकानांत अशा कहाण्या वर्षानुवर्षे सांगितल्या जातात. सांगितले जात नाही ते एवढेच, की फलकावर सर्वांत उदार दिसणारा हा भाव बहुतेक वेळा सर्वांत महागडा असतो.

भाव म्हणजे शक्यतेचेच दुसरे नाव. एकास दीडशे या भावात १५१ पैकी एकदाच विजय अपेक्षित असतो. टक्केवारीत सांगायचे तर ०.६६ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ग्रँड स्लॅम स्पर्धेत १२८ खेळाडू असतात आणि विजेत्याला ओळीने सात लढती जिंकाव्या लागतात. सातही लढतींत एखाद्याची शक्यता नाणेफेकीइतकी, म्हणजे बरोबर निम्मी धरली, तरी तो विजेता होण्याची शक्यता १२८ मध्ये एक एवढीच येते. याचा अर्थ असा, की एकास दीडशे हा भाव न्याय्य ठरण्यासाठी त्या खेळाडूला प्रत्येक फेरीत जवळजवळ बरोबरीची संधी हवी. अगदी उपांत्य आणि अंतिम फेरीतही! प्रत्येक लढतीत ४० टक्के संधी असलेल्याचा न्याय्य भाव एकास सहाशेच्या पुढे जातो; ३५ टक्के संधी असेल तर तो एकास दीड हजाराहूनही अधिक होतो. बुकमेकर एवढा भाव सहसा देत नाही. देण्याची त्याला गरजही पडत नाही.

एका लढतीपुरते उदाहरण घेतले तर यामागचे व्यवहारज्ञान कळते. समजा, नामांकित खेळाडूला दहास एक आणि त्याच्या अनोळखी प्रतिस्पर्ध्याला एकास सहा असा भाव आहे. पहिल्या भावातून ९०.९ टक्के शक्यता निघते, दुसऱ्यातून १४.३. बेरीज शंभर व्हायला हवी, ती होते १०५.२. वरचे ५.२ ही बुकमेकरची मिळकत. आता ही मिळकत तो कोणाकडून वसूल करतो? खरी शक्यता ८९ आणि ११ टक्के असेल, तर नामांकितावर शंभर रुपये लावणारा सरासरीने दोन रुपये गमावतो. अनोळखी खेळाडूवर शंभर लावणारा मात्र तेवीस रुपये. दुकान एक, लढत एक, पण जकात दहापटीहून अधिक.

ही केवळ कल्पना नव्हे. मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींचे आकडे तपासले, तेव्हा मागे पडणाऱ्या घोड्यांवर लोक त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि ‘फेव्हरिट’वर कमी, असे त्यांना आढळले. डेव्हिड फॉरेस्ट आणि इयान मॅकहेल या ब्रिटिश संशोधकांना २००७ मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्येही हाच कल दिसला. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात याचे एक स्पष्टीकरण सापडते. अगदी लहान शक्यतेला माणसाचे मन तिच्या वाट्यापेक्षा अधिक वजन देते. हजारात एक आणि दोनशेत एक यांतला फरक गणिताला मोठा, मनाला मात्र दोन्ही सारखेच: ‘होऊ शकते.’ शिवाय एखाद्या अनोळखी खेळाडूविषयी आतली बातमी कोणाला तरी ठाऊक असेल, ही धास्ती बुकमेकरला असते. म्हणून तो मोठे भाव मुद्दामच आवळून ठेवतो.

टेनिसची गुणपद्धतीही दुबळ्याच्या बाजूची नाही. प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के होते आणि सेट जिंकण्याची ८० टक्क्यांच्या पुढे जाते. फुटबॉलमध्ये एका चुकार गोलावर सामना फिरतो. टेनिसमध्ये थोडीशी सरसता गेमागणिक, सेटागणिक फुगत जाते. लढत जितकी लांब, तितका धक्कादायक निकाल अवघड. सेट जिंकण्याची संधी ४० टक्के असलेला खेळाडू तीन सेटच्या लढतीत ३५ टक्के वेळा जिंकेल, पाच सेटच्या लढतीत जेमतेम ३२ टक्के. फेरीगणिक हा फरक साचत जातो.

पुरुष आणि महिला विजेत्यांच्या यादीत दिसणाऱ्या तफावतीचे हे एक कारण म्हणता येईल. महिलांच्या लढती तीन सेटच्या असतात. सेरेना विल्यम्सने २००७ ची ऑस्ट्रेलियन ओपन, क्रमवारीत ४७वी असलेल्या येलेना ओस्टापेन्कोने २०१७ ची फ्रेंच ओपन आणि मार्केटा व्होंड्रोउसोव्हाने २०२३ ची विम्बल्डन मानांकन नसताना जिंकली. एमा राडुकानू तर २०२१ मध्ये पात्रता फेरीतून आली आणि दहा लढतींत एकही सेट न गमावता अमेरिकन ओपनची विजेती ठरली. पुरुषांत गॅस्टन गॉडिओने २००४ ची फ्रेंच ओपन बिगरमानांकित म्हणून जिंकली. त्यानंतर २००५ ते २०२४ या वीस वर्षांत झालेल्या ७९ ग्रँड स्लॅम स्पर्धांत (२०२० ची विम्बल्डन कोरोनामुळे रद्द झाली) पुरुष एकेरीचा एकही विजेता बिगरमानांकित नव्हता. प्रत्येक स्पर्धेत ३२ मानांकित वगळून उरलेल्या ९६ जणांवर एकेक पौंड लावणाऱ्याचे या काळात साडेसात हजार पौंड गेले असते. बदल्यात मिळाले असते शून्य.

स्पर्धेऐवजी एकेका लढतीवर डाव लावला, तर चित्र थोडे बरे दिसते, कारण धक्के प्रत्यक्षात बसतातच. विम्बल्डनवर २०१२ मध्ये क्रमवारीत शंभराव्या स्थानावरील लुकास रोसोलने राफाएल नदालला पाच सेटमध्ये हरवले; २०१३ मध्ये स्टीव्ह डार्सिसने पुन्हा नदालला आणि सर्जी स्टाखोव्हस्कीने रॉजर फेडररला. मात्र पुढील फेरीत रोसोल आणि स्टाखोव्हस्की दोघेही हरले, तर डार्सिसला खांद्याच्या दुखापतीमुळे कोर्टवर उतरताच आले नाही. डोंगर चढून गेलेल्याच्या पायांत दुसऱ्या डोंगरासाठी बळ उरत नाही, आणि एकास दीडशेवाल्याला तर सात डोंगर चढायचे असतात.

मग इव्हानिसेविच? तो खरोखर सव्वाशेव्या दर्जाचा खेळाडू नव्हता. १९९२, १९९४ आणि १९९८ असे तीनदा तो विम्बल्डनचा उपविजेता होता. खांद्याच्या दुखण्याने क्रमवारी घसरली होती. हिरवळीवर बिनतोड ठरणारी त्याची सर्व्हिस कुठे गेली नव्हती. क्रमवारी मागील ५२ आठवड्यांची गोळाबेरीज सांगते, खेळाडूच्या हातात काय आहे ते नाही. पाहणाऱ्याला तो भाव चुकीचा वाटण्यास जागा होती. अर्थात नशीबही होतेच. उपांत्य लढतीत टिम हेनमनने तिसरा सेट ६-० असा जिंकून आघाडी घेतली होती. तेवढ्यात पाऊस आला, लढत तीन दिवसांत विभागली गेली आणि लय हेनमनच्या हातून निसटली. त्या पावसाचा भाव कोणी काढला असता?

या बाजाराला एक काळी बाजूही आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पोलंडमधील सोपोत येथे चौथ्या क्रमांकाचा निकोलाय डाविडेन्को ८७व्या क्रमांकाच्या मार्टिन वासालो अर्ग्वेलोशी खेळत होता. डाविडेन्कोने पहिला सेट ६-२ असा जिंकल्यावरही पैशांचा ओघ अर्ग्वेलोच्या बाजूनेच वाहत राहिला. तिसऱ्या सेटमध्ये डाविडेन्कोने दुखापतीमुळे माघार घेतली आणि ‘बेटफेअर’ने त्या लढतीवरील सर्व पैजा रद्द केल्या. प्रदीर्घ चौकशीनंतर २००८ मध्ये एटीपीने दोन्ही खेळाडूंविरुद्ध गैरप्रकाराचा पुरावा नसल्याचे जाहीर केले. मात्र त्याच वर्षी टेनिसमधील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणारे स्वतंत्र पथक स्थापन झाले. दुबळ्या खेळाडूचा भाव विनाकारण उतरू लागला, की आता प्रथम शंका घेतली जाते.

भारतात हा व्यवहार ऑनलाइन करण्याची वाट कायद्यानेच बंद आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि सट्ट्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. चोरीछुपे पैसे लावणाऱ्याला भावाच्या तोट्याखेरीज, जिंकलेली रक्कम हाती न पडण्याचा धोकाही असतो. दाद मागायला जागा नाही.

टेनिसमधील मोठ्या भावाची सर्वांत गाजलेली पैज मात्र कोणा दुबळ्या खेळाडूवर नव्हतीच. ऑक्सफर्डशायरमधील एका गृहस्थांनी २००३ मध्ये, फेडररने नुकतेच कोठे पहिले विम्बल्डन जिंकले असताना, तो २०१९ पर्यंत ही स्पर्धा सात वेळा जिंकेल यावर १,५२० पौंड लावले. भाव एकास सहासष्ट. २००९ मध्ये ते गृहस्थ वारले आणि पैजेची पावती मृत्युपत्राने ‘ऑक्सफॅम’ या धर्मादाय संस्थेकडे गेली. ८ जुलै २०१२ रोजी फेडररने अँडी मरेला हरवून सातवे विजेतेपद मिळविले आणि संस्थेच्या खात्यात १,०१,८४० पौंड जमा झाले.