तोफा भंगारात गेल्या, इंजिनखोल्या उरल्या! समुद्रकाठच्या लष्करी ठाण्यांना वीज कुठून मिळायची?

आमच्या विहिरीच्या काठावर सिमेंटचा एक ओटा आहे. त्यातून चार गंजलेले बोल्ट वर आलेत. तिथं वडिलांचं लिस्टर इंजिन होतं. लाइटीची मोटार बसली, इंजिन भंगारवाल्यानं नेलं, ओटा तेवढा राहिला. तुमच्या रानातही असा ओटा असेल.

यापेक्षा कितीतरी मोठे ओटे दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्रकाठच्या तोफांच्या ठाण्यांत असायचे. आज न्यूझीलंडमधल्या दोन ठाण्यांची गोष्ट सांगतो.

1942 साली 15 फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हातात गेलं. चारच दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरावर जपानी बॉम्ब पडले. न्यूझीलंडवाल्यांना वाटलं, आता आपला नंबर. त्यांची राजधानी वेलिंग्टन, आपल्याला क्रिकेटमुळं माहीत असलेली. तिथल्या राइट्स हिल नावाच्या टेकडीच्या पोटात त्यांनी सहाशे मीटरच्या वर बोगदे खोदले आणि वर 9.2 इंची तोफा बसवल्या. एका गोळ्याचं वजन 172 किलो, म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ साडेतीन गोण्या. एवढा गोळा खालून वर चढवायचा, एवढी मोठी तोफ फिरवायची, तर हातानं जमत नाही. वीज पाहिजे. बोगद्यात उजेड पाहिजे, माणसांना हवा पाहिजे, त्यालाही वीजच.

मग शहराची वीज होतीच की, ती का नाही घेतली? तर लढाईत शत्रू आधी तारा तोडतो. एक बॉम्ब वीजघरावर पडला की तोफ म्हणजे नुसतं लोखंड. रात्रीची लाइट ऐन पाण्याच्या पाळीला गेल्यावर आपलं काय होतं, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ठाण्याची स्वतःची इंजिनखोली, तीही जमिनीखाली. आणि इंजिन एकच ठेवायचं नाही, एक बिघडलं तर दुसरं हाताशी पाहिजे.

अशा खोल्यांत रस्टन, लिस्टर, क्रॉसली अशा इंग्रज कंपन्यांची डिझेल इंजिनं असत. रस्टन पुढं आपल्या चिंचवडलाही बनू लागलं. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा कारखाना खडकीला 1946 मध्ये निघाला. तत्त्व तेच, फक्त आपलं इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं, आणि मोठी इंजिनं टाकीत कोंडलेल्या हवेच्या दाबानं सुरू करतात.

खरी पंचाईत धुराची. जमिनीखाली इंजिन चालवायचं तर धूर पाइपानं पार बाहेर सोडावा लागतो आणि ताजी हवा आत घ्यावी लागते. नाहीतर आतली माणसं गोळी न लागताच मरायची. ही गोष्ट आपल्याला लांबची नाही. पंप सात-आठ मीटरच्या खालून पाणी ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की लोक इंजिनच विहिरीत उतरवायचे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्याला दिसत नाही, त्याला वासही नसतो. खाली उतरलेला माणूस चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अजूनही कोणी बंद खोलीत जनरेटर लावत असेल तर आजच बाहेर काढा.

आता दुसरं ठाणं. ख्राइस्टचर्चजवळ गोडली हेड म्हणून समुद्रात घुसलेला डोंगर आहे. तिथं सहा इंची तोफा होत्या. रात्री बंदराच्या तोंडाशी कोण आलं ते दिसावं म्हणून कड्याच्या पायथ्याला सर्चलाइट बसवले होते. तिकडं जायला डोंगरातून बोगदा काढला होता.

या सर्चलाइटमध्ये बल्ब नव्हता. वेल्डिंगवाल्याकडं जो डोळे दिपवणारा उजेड पडतो ना, तोच प्रकार. कार्बनच्या दोन कांड्या (जुन्या सेलमध्ये मधोमध काळी कांडी असायची तशा, पण लांब) समोरासमोर धरायच्या. मधल्या फटीतून वीज उडी मारते आणि पांढरा झोत पडतो. मागं मोठा आरसा असतो, त्यामुळं तो समुद्रावर मैलोन्‌मैल जातो. कांड्या जळून झिजतात, म्हणून त्या सतत पुढं सरकवाव्या लागतात. यालाही डीसी वीज भरपूर आणि एकसारखी पाहिजे. इंजिन अडखळलं तर झोत लुकलुकला, आणि अंधारात शत्रूची बोट आत शिरली. तोफ कितीही मोठी असो, रात्री ती दिव्याच्या भरवशावर, आणि दिवा इंजिनवाल्याच्या.

जपानी आरमारानं तिकडं हल्ला केलाच नाही. राइट्स हिलच्या तोफा युद्ध संपल्यावर चाचणीपुरत्या वाजल्या. पुढं 1960 च्या सुमारास त्या भंगारात विकल्या गेल्या, आणि घेतल्या कोणी? जपानच्या लोकांनी!

2011 च्या भूकंपात गोडली हेडच्या बांधकामांना तडे गेले. राइट्स हिल मात्र गावातल्या लोकांनी साफसूफ करून जपलंय. वर्षातून सुट्टीच्या मोजक्या दिवशी दार उघडतात, आणि लोक पोराबाळांना घेऊन ते बोगदे बघायला येतात.